मॉरिशसच्या मोडलेल्या जंगलात पक्षी कुठे शोधायचे?

पुण्याच्या एका पक्षीमित्रांचा प्रश्न आहे. मागच्या दिवाळीत ते घरच्यांबरोबर मॉरिशसला आले होते. एक सकाळ मोकळी काढून ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात गेले, पेत्रँपासून माकाबेच्या वाटेनं भराभर चालून दरीच्या टोकापर्यंत जाऊन आले. दिसलं काय, तर साळुंकी, शिपाई बुलबुल, ठिपकेवाला होला, एक राघू आणि माकडांची टोळी. ते लिहितात, ‘वाटेच्या दोन्ही बाजूंना पेरूच्या झुडपांची नुसती भिंत होती. यंदा पुन्हा यायचा बेत आहे. त्या जंगलात बघण्यासारखं काही उरलंय का? की तो नाद सोडून सरळ समुद्रातल्या छोट्या बेटावरचे पक्षी बघावेत? आणि इथला खास ककूश्राइक पक्षी कसा शोधायचा?’

उरलंय, आणि जायलाच हवं. या बेटाचे म्हणून जे खास जमिनीवरचे पक्षी आहेत, ते बहुतेक सगळे आजही याच डोंगरी जंगलात राहतात. तुम्ही गेलात तो महिनाही चांगला होता, कारण सप्टेंबरपासून पुढे इथे घरट्यांचा हंगाम असतो. फक्त सह्याद्रीतल्या सवयीनं तुम्ही चालत राहिलात, आणि या जंगलात चालत्या माणसाला परदेशी पक्षीच भेटतात. मी क्यूरपीपला राहतो, या वाटा माझ्या रोजच्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी जंगलाबद्दल, कारण ते कळलं की पक्षी कुठे उभे राहून बघायचे हे आपोआप कळतं. डच लोक १६३८मध्ये इथे वस्तीला आले तेव्हा बेट जवळजवळ पूर्ण जंगलाखाली होतं. त्यांनी एबनीची, म्हणजे काळ्या लाकडाची झाडं तोडली, पुढे फ्रेंचांनी आणि मग इंग्रजांनी उसासाठी रान साफ केलं. आज चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय, आणि त्यातला मोठा हिस्सा नैर्ऋत्येच्या या डोंगरी पट्ट्यात आहे. १९९४मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा साडेसहा हजारांहून अधिक हेक्टर क्षेत्र त्यात आलं. नकाशावर हे सगळं हिरवं दिसतं, पण त्या हिरव्यातलं बरंचसं चिनी पेरूचं आहे.

चिनी पेरू म्हणजे लहान लाल फळांचा, मूळ ब्राझीलचा पेरू. इथले लोक तो मोठ्या आवडीनं खातात. हंगामात प्लेन शांपान्यच्या रस्त्यावर गाड्या लावून अख्खी कुटुंबं फळं तोडताना दिसतील. एकदा वाटेच्या कडेला खाली बसून या झाडीत बघा. मनगटाएवढ्या किंवा त्याहून बारीक, गुळगुळीत, तांबूस सालीच्या काठ्या इतक्या जवळजवळ उभ्या असतात की हातभर आत शिरता येत नाही. जमिनीवर ऊन पोचत नाही, आणि खाली मूळ झाडाचं एकही रोप नसतं. वर मान केलीत तर मात्र या काठ्यांच्या बरंच वर नात किंवा बुआ मेग्र अशा मूळ जातीचं एखादं म्हातारं झाड दिसतं, फिकट जाड खोड, छत्रीसारखा पसरलेला माथा, फांद्यांवर शेवाळ आणि ऑर्किड. ते झाड फुलतं, फळतं, पण त्याच्या बिया खाली पडून मरतात. मग एखाद्या चक्रीवादळात ते कोसळतं आणि त्याची जागा पेरू घेतो. जंगल मोडतं ते असं, एकेक झाड करून.

या मोडतोडीला हातभार लावणारे प्राणीही बाहेरचेच. जावाहून आणलेलं सांबर १६३९पासून इथे आहे, ते रोपं खातं. रानडुकरं आणि माकडं पेरू खाऊन बिया पसरवतात. माकडं घरटीही उद्ध्वस्त करतात. उंदीर अंडी आणि पिल्लं खातात. मुंगूस १९००च्या सुमारास भारतातून आणलं. आणि आपला शिपाई बुलबुल १८९२च्या सुमारास इथे सुटला. महाबळेश्वरला ज्याची शीळ ऐकून बरं वाटतं, तोच इथे प्रिव्हेट आणि इतर आक्रमक झुडपांच्या बिया डोंगरभर पेरतो. साळुंकीला तर टोळधाडीवर उपाय म्हणून १७६२मध्ये मुद्दाम आणलं होतं. हे सगळे वाटेच्या कडेला, उघड्यावर, माणसांच्या आसपास राहतात. म्हणून चालणाऱ्याच्या यादीत तेच भरतात.

मूळ पक्षी बहुतेक वर असतात. त्यांना हव्या असलेल्या गोष्टी पेरूच्या झाडीत नाहीत. जुन्या खोडांतल्या ढोल्या, देशी फुलांचा मध, फांद्यांवरचे किडे आणि हिरव्या पाली या सगळ्यासाठी जुनी झाडं लागतात. तेव्हा पेत्रँहून निघालात की सुरुवातीच्या झुडपी पट्ट्यात थोडं बघून घ्या, पण त्यात सकाळ घालवू नका. वाट रुंद आणि बरीचशी सपाट आहे. पुढे माकाबेकडे झाडं उंच होत जातात. जिथे पेरूच्या डोक्यावर दोन-चार जुने माथे एकमेकांजवळ आले असतील, आणि वाटेमुळे आकाशाचा तुकडा मोकळा झाला असेल, तिथे थांबा. नुसतं थांबायचं, अर्धा-पाऊण तास. दुर्बीण वर, पाठ झाडाला किंवा दगडाला. तुम्ही स्थिर झालात की आधी करडे चष्मेवाले, हे चिमुकले पक्षी, येतात. ते इथे सगळीकडेच असतात, अगदी हॉटेलच्या बागेतही. पांढऱ्या कंबरेवरून ओळखता येतात, आपल्या चष्मेवाल्यासारखं डोळ्याभोवती पांढरं कडं मात्र त्यांना नाही. त्यांच्या मागोमाग इतर पक्षी हलायला लागतात.

दुसरी थांबायची जागा म्हणजे कुंपणाच्या कडा. माकाबे, ब्रिज फेर, मार लोंग, पेत्रँ या भागांत जंगलाचे काही तुकडे कुंपण घालून राखलेले आहेत. डुकरं आणि हरणं आत येऊ नयेत म्हणून कुंपण, आणि आतला पेरू-प्रिव्हेट माणसं हातानं उपटतात, तोडतात, पुन्हा उगवला की पुन्हा तोडतात. कुंपणाच्या एका बाजूला काठ्यांची भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जमीन, ऊन, गुडघ्याएवढी एबनीची रोपं, हा फरक डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. आत शिरायचं नाही. बाहेरच्या वाटेवरूनच कडेनं बघा. अशा ठिकाणी फांद्या मोकळ्या दिसतात, त्यामुळे पक्षीही दिसतात.

आता राघूबद्दल. तुमच्या यादीत एक राघू आहे, आणि ही नोंद तुम्ही पुन्हा तपासावी असं मला मनापासून वाटतं. मॉरिशसमध्ये दोन पोपट आहेत. एक आपलाच राघू, पिंजऱ्यातून सुटून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे वाढलेला. दुसरा इथला मूळचा एको पोपट. हिंद महासागरातल्या या बेटांवर पूर्वी पोपटांच्या बऱ्याच जाती होत्या, त्यांतला मॉरिशस-रियुनियन भागात आज उरलेला एवढाच. १९८०च्या दशकात त्याचे जेमतेम डझनभर पक्षी माहीत होते.

दोघांत फरक करायला पुस्तकातल्या चित्रापेक्षा उडणं आणि आवाज उपयोगी. राघू तुम्ही जन्मभर बघत आलात. बारीक लांब शेपटी, पिवळसर हिरवा रंग, किंचाळत बाणासारखा सरळ जाणारा. एको त्याच्यापेक्षा गडद हिरवा, भरलेल्या अंगाचा, शेपूट आखूड आणि रुंद, पंख गोलसर. तो झाडांच्या माथ्यांवरून, फांद्यांना वळसे घालत उडतो, आणि आवाज खालच्या पट्टीतला, घोगरा असतो. बसलेला दिसला तर चोच बघा. राघूच्या नर-मादी दोघांचीही चोच लाल असते. एकोच्या नराची वरची चोच लाल, पण मादीची पूर्ण काळी. काळ्या चोचीचा मोठा पोपट दिसला की शंका उरत नाही. आणखी एक, राघू सखल भागात, गावांत, बागांत भरपूर आहे. माकाबेच्या जुन्या झाडांवर पोपट दिसला तर आधी एको समजून बघा आणि मग नाकारा. फोटो काढला असेल तर तो मोठा करून शेपटी आणि चोच बघा. कदाचित तुमच्या यादीत एक मोठा पक्षी नोंदायचा राहून गेलाय.

हीच गोष्ट फोडीची. हा सुगरणीच्या कुळातला छोटा पक्षी. वाटेवर, गवतात, हॉटेलच्या टेबलावर जो लालभडक नर येतो तो मादागास्करहून आणलेला. त्याचं जवळजवळ सगळं अंग लाल असतं आणि डोळ्यापाशी काळी पट्टी असते. मूळच्या मॉरिशस फोडीच्या नराचं डोकं, छाती आणि कंबर लाल, बाकी अंग तपकिरी-हिरवट, आणि चोच बारीक, कारण तो दाण्यांपेक्षा किडे आणि मध खातो. फांदीच्या सालीत, शेवाळात चोच घालून काहीतरी शोधणारा लाल डोक्याचा पक्षी दिसला तर डोळा हलवू नका.

बुलबुलांत गोंधळ होणार नाही. मॉरिशस बुलबुलला शेंडी नाही, गालावर लाल नाही. करडा, काळ्या टोपीचा, केशरी चोचीचा, शिपाई बुलबुलपेक्षा बराच मोठा. माथ्यावर बसून जोरजोरात ओरडतो. पूर्वी लोक त्याची शिकार करून खात. स्वर्गीय नर्तकाचा इथला भाऊबंदही आहे, निळसर काळ्या डोक्याचा, तांबूस पाठीचा, पण लांब शेपटीच्या फिती त्याला नाहीत. तो सावलीच्या, ओलसर घळींत मिळतो आणि माणसाला फारसा घाबरत नाही.

गुलाबी कबुतराची गोष्ट थोडी वेगळी. १९९०च्या सुमारास रानात त्याचे दहाच्या आसपास पक्षी उरले होते. आज चारशेहून अधिक आहेत. आधी बंदिस्त जागेत वाढवले, मग रानात सोडले, आणि अजूनही ठरावीक जागी त्यांना पूरक खाद्य दिलं जातं, आसपासचे उंदीर आणि मांजरं आटोक्यात ठेवली जातात. पेत्रँच्या परिसरात सकाळी थांबलात तर दिसण्याची चांगली शक्यता असते. पारव्यापेक्षा मोठं, फिकट गुलाबी अंग, तपकिरी पंख, तांबूस शेपूट. फांदीवर बसून पानं खाताना ते इतकं निवांत असतं की लोक त्याच्याखालून निघून जातात. पायात रंगीत कड्या दिसतील.

या कड्या आणि खाद्य बघून काही पक्षीमित्र नाक मुरडतात. ‘हे काय जंगली पक्षी झाले?’ म्हणतात, यादीत घ्यायलाही कचरतात. मला हे अजिबात पटत नाही. या पक्ष्याचं अन्न, त्याच्या ढोल्या, त्याची झाडं माणसानंच नेली आहेत. मॉरिशसच्या खरूचीचं, म्हणजे इथल्या छोट्या ससाण्याचं बघा. मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी आणि जंगलतोड यांमुळे १९७४मध्ये फक्त चार पक्षी माहीत होते. वेल्श जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स १९७९मध्ये इथे आले. घरट्यातली पहिली अंडी काढून उबवणी यंत्रात उबवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते, हे तंत्र त्यांनी इथे वापरलं. पिल्लं वाढवून सोडली, घरट्यांच्या पेट्या लावल्या. पुढच्या वीसेक वर्षांत रानातल्या खरूची शेकड्यांत गेल्या. त्यानंतर संख्या पुन्हा घसरलीही आहे, म्हणजे काम संपलेलं नाही. ज्या पक्ष्याचं असणंच माणसांच्या रोजच्या मेहनतीवर टिकलंय, तो पक्षी बघताना ती मेहनतही दिसली तर त्यात कमीपणा कसला? मला तर उलट तेच बघण्यासारखं वाटतं. खाद्य भरायला पहाटे वाट तुडवत जाणारी तरुण मुलं-मुली भेटली तर थांबून बोला. कुठे काय दिसतंय हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

खरूचीसाठी माथ्यावर न बघता दरीच्या कडांवर बघा. आपल्या खरूचीसारखी ती हवेत एका जागी पंख फडफडवत थांबत नाही. तिचे पंख आखूड आणि गोल आहेत, शिक्र्यासारखी झाडांमधून झेपावते आणि हिरव्या पाली पकडते. प्लेन शांपान्यच्या रस्त्यावरच्या गॉर्जेस व्ह्यू पॉइंटला किंवा शामारेलच्या बाजूला नशीब अजमावता येतं. पूर्वेकडे फेर्नेच्या खोऱ्यातही तिची वस्ती आहे. गॉर्जेसच्या कठड्याशी उभे असताना खाली बघायला विसरू नका. दरीत हिरव्यावर पांढरे, लांब शेपटीचे ट्रॉपिकबर्ड तरंगतात, समुद्रापासून आत येऊन. त्याच दरीतून भरदिवसा मोठी फळवाघळंही जातात.

मोडलेलं जंगल म्हणजे टाकाऊ जंगल, असं मात्र समजू नका. बासँ ब्लांच्या बाजूला जपानी क्रिप्टोमेरियाची लावलेली एक राई आहे, पिजन वुड म्हणतात. पूर्ण परदेशी झाडं. पण गुलाबी कबुतरं संपत आली तेव्हा त्यांची शेवटची घरटी तिथेच होती, आणि मॉरिशस फोडीलाही त्या दाट, टोचऱ्या फांद्यांत घरटं वाचवणं इतर जागांपेक्षा जास्त साधतं. याउलट १९७०च्या दशकात जवळच्याच ले मार भागातलं बुटकं मूळ जंगल पाइनच्या लागवडीसाठी साफ केलं गेलं आणि त्याबरोबर फोडी, ककूश्राइक अशांचा मोठा अधिवास गेला. त्यामुळे वाटेत लावलेली झाडं दिसली की लगेच पुढे निघू नका, दोन मिनिटं कान द्या.

ऑलिव्ह चष्मेवाला मुद्दाम शोधायला जाऊ नका, ही माझी विनंती आहे. तो अतिसंकटग्रस्त आहे, थोड्याशा जोड्या, त्याही उद्यानाच्या दक्षिणेकडच्या ओल्या भागात. फोनवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर नकोच. घरट्याच्या दिवसांत जोडी अंडी सोडून भांडायला येते, आणि उंदराला तेवढा वेळ पुरतो. खरं तर या जंगलात कुठल्याच पक्ष्यासाठी प्लेबॅक वापरू नये. हा पक्षी बघायचाच असेल तर त्यासाठी तुम्ही म्हणता ते छोटं बेट आहे, इल-ओ-एग्रेत. माएबूरच्या समोर, अवघं २६ हेक्टर, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या देखरेखीखाली. तिथे उंदीर-माकडं नाहीत, म्हणून गुलाबी कबुतर, फोडी आणि ऑलिव्ह चष्मेवाला तिथे नेऊन सोडले. पिंजरा तिथेही नाही, पक्षी मोकळेच आहेत. वाटाड्याबरोबर फेरी असते, मुलांनाही जमते. घरच्यांना तिथे न्या, एक पहाट स्वतःसाठी डोंगरावर ठेवा.

त्या पहाटेची तयारी थोडक्यात. उजाडताना पेत्रँला पोचा. उन्हाळ्यात इथे साडेपाचच्या आसपास उजाडतं. समुद्रकिनारी गरम असलं तरी वर धुकं, पाऊस आणि गार वारा असतो, जुलै-ऑगस्टमध्ये तर स्वेटर लागतो. दुर्बिणीसाठी कोरडं फडकं आणि मोठी प्लास्टिकची पिशवी असू द्या. विषारी सापांची भीती नाही. बुटांच्या तळव्यातली माती निघण्यापूर्वी आणि परतल्यावर ब्रशनं झाडा, त्यात आक्रमक झाडांच्या बिया प्रवास करतात. खाऊ पिशवीबाहेर काढू नका, माकडं सोडत नाहीत. शेजारीच ग्राँ बासँ म्हणजे गंगा तलाव आहे. महाशिवरात्रीच्या आसपास बेटभरचे भाविक, त्यांत इथली मराठी मंडळीही, तिकडे चालत येतात आणि रस्ते भरलेले असतात. ते दिवस पक्ष्यांसाठी टाळा. शिवाय तो चक्रीवादळांचाही हंगाम असतो. इशारा लागला तर बेत रद्द करायचा.

आणि तुम्ही शेवटी विचारलेला ककूश्राइक. त्याला वेळ द्यावा लागतो. नर करडा, मादी इतकी तांबूस की वेगळी जात वाटावी. दाट माथ्यांत फार हळू हलतो, एका फांदीवर बसून सुरवंट आणि पाली शोधतो. दिसण्याआधी ऐकू येतो, नराची एकाच सुरातली, घाईची ‘तुतुतुतुतु’ अशी लड. ती माकाबेच्या उंच झाडीत सकाळच्या पहिल्या दोन तासांत ऐकू आली तर आवाजाच्या दिशेला जाऊ नका. वाट सोडलीत की पेरूत अडकाल आणि तो निघून जाईल. जिथे आहात तिथेच थांबून आवाज ज्या झाडातून येतोय त्याच्या माथ्याच्या आतल्या आडव्या फांद्या एकेक करून दुर्बिणीनं तपासा.

कडी घातलेला कोणताही पक्षी दिसला तर रंगांची नोंद नीट करा. पक्ष्याचा डावा पाय आधी, मग उजवा, प्रत्येक पायावर वरून खाली. जागा, वेळ आणि फोटो असेल तर तोही पेत्रँच्या माहिती केंद्रात किंवा फाउंडेशनच्या माणसांकडे द्या. त्यांच्या वहीत त्या पक्ष्याचं जन्मसाल, आईबाप आणि जोडीदार असतो, आणि तो अजून जिवंत आहे हे कधी कधी अशा पाहुण्याच्या नोंदीवरूनच कळतं.